परत मागितलेलं वाण

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचा तो हिवाळा नीट जागेपणी घडला असं मला आजही वाटत नाही. सकाळी उतरलेलं धुकं दुपारपर्यंत हलायचं नाही. शाळेकडे जाणारी रेडवे, म्हणजे चालणाऱ्यांसाठीची ती लालसर वाट, चार पावलांवर विरून जायची. घरं सगळी सारखी, चौक सगळे गोल आणि सगळे सारखे. मुलीचा हात धरून चालताना वाटायचं, आपण अजून पुण्यातच झोपलोय आणि हे कुणीतरी आपल्याला दाखवतंय.

मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. घरी तिची टकळी थांबता थांबायची नाही, पण शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. टीचरशी नाही, मुलांशी नाही, टॉयलेटला जायचंय एवढंसुद्धा नाही. मी आतून पार खचले होते. तिला इथे आणून आपण तिचा आवाजच काढून घेतला, हा विचार मला पोळ्या लाटतानाही सोडत नसे.

शाळेत एक लहानशी खोली होती. तिथे वाळूचा ट्रे, दोन उशा आणि एक वयस्क मदतनीस बाई. त्या रोज थोडा वेळ मुलीला घेऊन बसायच्या. काही विचारायच्या नाहीत, नुसती वाळूत घरं करायच्या. नाताळच्या आधी मुलगी त्यांच्या कानात कुजबुजायला लागली. मी आनंदाने शिरा केला. आणि सुट्टी संपते न संपते तोच त्या बाईंनीच मला फाटकापाशी सांगितलं, की पैसे वाचवायला ही खोली बंद करायचं गव्हर्नरांच्या मनात आहे.

तिकडे प्रत्येक सरकारी शाळेचा कारभार गव्हर्नर मंडळ बघतं. त्यातले काहीजण पालकांनी पालकांमधूनच निवडून द्यायचे असतात, आणि अशी एक जागा नेमकी रिकामी होती. पुण्यात सोसायटीच्या मीटिंगमध्येही कधी तोंड न उघडलेल्या मी तिथे नाव दिलं. नवरा म्हणायला लागला, राज्यपाल बाई, चहा घेणार का. आणि कप ठेवताना मुजरा. मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्याविरुद्ध एकच बाई उभी होती. तीन मुलांची आई, पायात कायम चिखलाचे गमबूट, हसली की पार्किंगपर्यंत ऐकू जायचं. तिला मैदानाला नवं कुंपण हवं होतं. आम्ही नवीन होतो तेव्हा फाटकापाशी आपणहून माझ्याशी बोललेली पहिली बाई तीच, त्यामुळे तिच्यावर रागही धरता येईना.

संक्रांत त्याच आठवड्यात आली. मतांचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. हळदीकुंकू तर करायचंच होतं, आणि ओळखीच्या मराठी बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून शाळेतल्या आयांनाही बोलावलं. एक सोमाली, एक तमिळ, काही इंग्रज, आणि हो, ती गमबूटवालीही. खिडक्यांना बाहेरून धुकं चिकटलेलं, आत पिवळा दिवा, आणि कपाळावर कुंकू लावून घेतलेल्या त्या गोऱ्या बायका तिळगूळ खात हळू आवाजात बोलत होत्या. माझं घर त्या संध्याकाळी जमिनीपासून थोडं वर उचललं गेलंय असं मला वाटलं. जाताना प्रत्येकीला मी वाण दिलं: वॉटफर्डच्या दुकानातून आणलेली स्टीलची वाटी, हलव्याने भरलेली.

सोमवारी हेडटीचरनी मला बोलावून घेतलं. त्या अवघडल्या होत्या. कुणीतरी तक्रार केली होती, की मी मतदारांना घरी बोलावून भेटवस्तू वाटल्या. मी त्यांना वाण म्हणजे काय ते सांगायला लागले. जितकं समजावून सांगावं तितकी ती लाच वाटायला लागली, मलासुद्धा. शेवटी त्या म्हणाल्या, वाट्या परत घेतल्या तर नाव राहील, नाहीतर मागे घ्यावं लागेल. पोटात गेलेल्या तिळगुळाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, दिलेलं वाण कुणी परत मागतं का? अपशकुन असतो तो." मला ते ठाऊक नव्हतं का? पण डोळ्यांसमोर ती वाळू आली आणि मी मनात म्हटलं, चुलीत गेला अपशकुन.

शनिवारी सकाळी पिशवी घेऊन निघाले. नवरा ऑन कॉल होता, म्हणून मुलीलाही बरोबर घेतलं. धुक्यातून एकेक दार पुढे यायचं, उघडायचं, बंद व्हायचं. शरमेने माझे कान तापले होते. सोमाली आईने वाटीत खजूर घालून दिले. भांडं रिकामं परत करायचं नसतं हे तिला सांगावं लागलं नाही. एका इंग्रज आईने त्यात कानातली ठेवली होती. ती काढताना तिने इतक्यांदा सॉरी म्हटलं, की मीच तिची समजूत काढत बसले.

शेवटचं दार गमबूटवालीचं. तिच्यामागे खिडकीत माझी वाटी दिसत होती, त्यात गाडीच्या किल्ल्या. वाटभर घोकलेलं वाक्य मी सुरू केलं आणि अर्ध्यावरच अडले. काही केल्या शब्द फुटेना. ती मला निरखून बघत होती, मी पायपुसण्याकडे.

तेव्हा माझ्या कमरेपाशी कुणीतरी इंग्रजीत, स्पष्ट आणि मोठ्याने बोललं. "प्लीज, माझ्या आईला ती वाटी परत हवीये. ती आता रडणार आहे, म्हणून मी सांगतेय."

ती बाई खालीच बसली, गुडघ्यांवर. तिचा मुलगा माझ्या मुलीच्याच वर्गात होता. या मुलीला बोलताच येत नाही असं त्याने तिला घरी सांगितलं होतं. तू बोलतेस, असं तिने विचारलं, तर मुलगी म्हणाली, "वाळूच्या खोलीत बोलते."

मग आम्ही तिच्या किचनमध्ये बसलो. बंद व्हायची आहे ती खोली म्हणजे अडगळीची, अशीच तिची समजूत होती. सगळं ऐकल्यावर तिने कप टेबलावर आपटला आणि म्हणाली, मी निवडून आले तर त्या खोलीला कोण हात लावतो ते बघते. मी तिच्याकडे बघत राहिले. हा आवाज त्या मंडळासमोर घुमेल. मी मात्र तिथे शब्द शोधत बसेन, आणि मला शब्द सापडेपर्यंत ते पुढच्या विषयावर गेलेले असतील.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या ऑफिसात पेन्सिल हातात घेऊन मी उभी राहिले. बाहेर रेडवे धुक्यात बुडाली होती, आतून कुठूनतरी मुलांचं गाणं येत होतं. मी फुली मारली, घडी घातली, चिठ्ठी पेटीत सोडली.

ती भरघोस मतांनी निवडून आली. मुलगी त्या शाळेत होती तोवर खोली होती, आणि शाळा सोडताना मुलीने मदतनीस बाईंना मिठी मारून इतकं बोलून घेतलं, की बस चुकली.

निकालाच्या संध्याकाळी नवरा मात्र बिचारा फार हळहळला. मुजरे बंद केले, माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "जाऊ दे गं. निदान आपली दोन मतं तरी होती तुला."

मी म्हटलं, "एक."