वाळूत शिकलेली हॉकी

हॉकी वाळूत खेळता येत नाही. हे मला सतराव्या वर्षी कळलं, आणि तोवर मी दहा वर्षं वाळूतच हॉकी खेळलो होतो.

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगीमागे एक मोकळा प्लॉट होता. तिथे पुढेमागे काहीतरी उभं राहणार होतं. नव्वदच्या दशकात दुबईत सगळीकडेच पुढेमागे काहीतरी उभं राहणार होतं, त्यामुळे मधल्या काळात तो प्लॉट आमचा होता. गुरुवारी संध्याकाळी दोन-चार बाप एखाद्या टँकरवाल्याला पटवून वाळूवर खारं पाणी मारून घ्यायचे आणि रोलर फिरवायचे. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी वरची खपली बिस्किटासारखी कडक झालेली असायची. पहिली पंधरा मिनिटं आम्ही मैदानावर खेळायचो. मग बिस्किट फुटायचं आणि उरलेला वेळ आम्ही चौपाटीवर खेळायचो.

वाळूत चेंडू घरंगळत नाही. तुम्ही कितीही प्रेमाने पास द्या, तो चार पावलं जातो आणि देवळाबाहेरच्या म्हाताऱ्यासारखा बसून राहतो. म्हणून आम्ही चेंडू उचलायचो. स्टिकचं टोक चेंडूखाली घालायचं, मनगटाला झटका द्यायचा, की चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे. याला स्कूप म्हणतात, आणि मी या स्कूपचा बादशहा होतो. एकदा मी उचललेला चेंडू थेट एका चालत्या पिकअपमध्ये पडला आणि पिकअपबरोबर शारजाच्या दिशेने निघून गेला. तो गोल धरावा की नाही यावर मोठी माणसं नमाजाची वेळ होईपर्यंत भांडत होती. मी मात्र कमरेवर हात ठेवून, फोटोग्राफर येणारच असल्यासारखा उभा होतो.

आमचे कोच मुंबईचे. आठवडाभर ते एसी विकायचे आणि शुक्रवारी स्वप्नं. एसीवर निदान एक वर्षाची वॉरंटी होती.

"हबीबी, ये लडका इंडिया खेलेगा," ते माझ्या बाबांना सांगायचे. "लिख के देता हूँ."

"लिहून नको, इन्शाल्ला म्हणा फक्त," बाबा म्हणायचे. पण म्हणताना घडीची खुर्ची जरा पुढे ओढून घ्यायचे. बाबा हमरिया फ्री झोनमधल्या एका पाईपांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. आठवडाभर पाईपमध्ये बारीक भेगा शोधणारा हा माणूस शुक्रवारी मुलामध्ये एकही भेग पाहायला तयार नसे.

बारावी झाली आणि पुढचा प्रश्न उभा राहिला. मी तीन वर्षांचा असल्यापासून दुबईत वाढलो होतो, पण पासपोर्ट भारताचा. तिथल्या संघातून खेळायचा विषयच नव्हता. खेळायचं तर भारतात. बाबांनी बेत आखला: जूनमध्ये पुण्याला मावशीकडे जायचं, राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड चाचणी द्यायची, निवड झाली तर राहायचं, नाही तर सप्टेंबरच्या आत परत येऊन दुबईत कॉलेजला नाव घालायचं. सप्टेंबर का, तर कॉलेजं तेव्हा सुरू व्हायची, आणि माझा रहिवासाचा व्हिसा बाबांच्या नोकरीला बांधलेला होता. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं की तो आपोआप मरायचा. आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलाला बापाच्या व्हिसावर परत घ्यायचं, तर तो तिथे शिकत असावा लागायचा. माझा अठरावा वाढदिवस जानेवारीत होता.

निघताना कोचनी मला प्लॉटच्या मध्यभागी उभं केलं आणि सगळ्या पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. "यल्ला, चलो! अब टीव्ही पे मिलेंगे!" आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी सांगितलं की वाळू गेली.

चाचणीचं मैदान मी पाहिलं आणि मला ते फार आवडलं. कृत्रिम गवताचं टर्फ, हिरवंगार, सपाट, गालिचा अंथरल्यासारखं. खेळाआधी त्यावर पाणी मारत होते. म्हटलं, चला, आपल्यासारखंच आहे.

शिट्टी झाली. माझ्या दिशेने आलेले पहिले तीन पास मी सन्मानाने जाऊ दिले. म्हणजे मी स्टिक खाली नेईपर्यंत चेंडू मला ओलांडून, कडेच्या फळीला आपटून, दुसऱ्याच कुणाकडे गेलेला असायचा. मी दिलेला पास आमच्या पोरापाशी न थांबता सरळ बाहेर. दहा वर्षं वाळूत चेंडू ढकलून माझ्या मनगटात बैलाची ताकद आली होती, आणि इथे काम होतं पिसाने गुदगुल्या करण्याचं. शेवटी मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. समोर बचावाची पोरं होती. मी स्टिक चेंडूखाली घातली आणि उचलला.

शिट्टी. "डेंजरस!"

पुन्हा उचलला. पुन्हा शिट्टी. माणसं जवळ असताना चेंडू त्यांच्या अंगावर उचलणं हा फाऊल असतो. आमच्या प्लॉटवर हा नियम कुणी लावला असता तर खेळच झाला नसता. तिसऱ्यांदा पंच चालत माझ्यापाशी आले.

"कुठला रे तू?"

"दुबई, सर."

"तिथं काय विमानं पाडायला शिकवतात का?"

सगळं मैदान हसलं. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं. आजही मी ते मैफिलीत सांगतो तेव्हा हमखास टाळी घेतो. त्या दिवशी मावशीच्या घरी न्हाणीघराची कडी लावून मी बराच वेळ नळ सोडून बसलो होतो, तो भाग मी मैफिलीत सांगत नाही.

निवड झाली नाही. पण एका क्लबच्या कोचनी मला बाजूला घेतलं. "अंग चांगलंय. दम आहे. आमचा ज्युनिअर बी संघ आहे, खालच्या गटात खेळतो. वर्षभर खेळ. वर यायचा रस्ता हाच असतो."

मी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला.

"बी म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"ए च्या खालचा."

"ते कळलं रे. बी मधून ए मध्ये कधी घेतात?"

"खेळ दिसला की."

"कुणाला दिसला की?"

पाईप तपासणाऱ्या माणसाने नेमकी भेग शोधली होती. पण मी सतरा वर्षांचा होतो आणि बूथच्या काचेत मला माझे खांदे रुंद दिसत होते. धाकट्या बहिणीने फोन हिसकावला. "दादा, जस्ट कम होम ना. ॲडमिशन्स आर स्टिल ओपन." मग आई. आईने सांगितलं की खालच्या वाण्याने तिचं अभिनंदन केलं. आमच्या एसीवाल्या कोचनी करामाभर सांगून टाकलं होतं, लडका ज्युनिअर में सिलेक्ट हो गया. कुठल्या ज्युनिअरमध्ये, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? थँक्यू म्हणाले," आई म्हणाली. "बाळा, पण झालंच ना रे सिलेक्शन?"

मी राहिलो.

आता बी संघाचं वर्णन ऐका. तिथे मला शेख म्हणायचे. "ए शेख, उंट कुठं बांधलास?" "शेख, आज चहा तुझ्या तेलाच्या विहिरीतनं!" पोरं लाख मोलाची होती. कुणी दूध घालून यायचं, कुणी बापाचं दुकान उघडून. पहिल्या दिवशी मी विचारलं, "आपल्याला टर्फ आठवड्यातून किती वेळा मिळतं?"

एकाने मोज्याला गाठ मारता मारता वर पाहिलं. "आपल्याला? पंधरा ऑगस्टला जातो की. झेंडावंदनाला."

खालच्या गटाचे सगळे सामने मुरमाच्या मैदानावर व्हायचे. सरावही मुरमावर. टर्फ ए संघाचं, वरच्या गटाचं आणि निवड चाचण्यांचं. मुरमावर चेंडू ससा झाल्यासारखा उड्या मारतो. अशा ठिकाणी काय चालतं? स्कूप! तिथले पंच डेंजरस वगैरे म्हणायच्या भानगडीत पडत नसत, त्यांना वेळेवर घरी जायचं असे. महिन्याभरात मी पुन्हा बादशहा झालो. गोलांवर गोल. पोरं खांद्यावर घ्यायची. आणि ज्या टर्फवर मला एक दिवस पुन्हा उभं राहायचं होतं, त्या टर्फसाठी मी रोज थोडा थोडा जास्त निकामी होत होतो.

आता मी पन्नाशीला टेकलोय. ओळखीतले आईबाप अजून विचारतात, वरच्या संघात नाही जमलं, खालच्या ज्युनिअर संघात घेतायत, खेळू द्यावं का पोराला? त्यांना वाटतं शिडी एकच असते, आपण फक्त खालच्या पायरीवर आहोत. मी त्यांना म्हणतो, मुलाला काही विचारू नका, आधी जाऊन पायाखालची जमीन बघा. वरचा संघ ज्या जमिनीवर खेळतो त्याच जमिनीवर खालचा खेळतो का? नसेल तर ती पायरी दुसऱ्याच घराची आहे. एवढं ऐकल्यावर ते चहा संपवून उठतात, आणि पोराला खेळायला पाठवतात. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं.

डिसेंबर आला. सहा महिने भरत आले. बाबा तोवर कॉलेजचं बोलायचं सोडून एकाच गोष्टीवर आले होते.

"एका दिवसासाठी ये. विमानतळावर शिक्का मार, घरी जेव, दुसऱ्या दिवशी परत जा. व्हिसा जिवंत राहील. तिकीट काढतो मी."

"बाबा, त्याच शनिवार-रविवारी फायनल आहे आमच्या गटाची. निवड समितीचे साहेब येणार आहेत बघायला."

"नक्की?"

"कोच म्हणालेत."

"बाळा, सामना की घर, असं मी विचारत नाहीये," बाबा म्हणाले. "पण व्हिसा तसंच विचारतोय."

मी राहिलो. फायनलला मैदानाच्या कडेला तीन खुर्च्या मांडल्या होत्या. पाठीवर स्वच्छ टॉवेल, पुढे टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. मी जन्मात खेळलो नाही असा खेळलो. दोन गोल माझे. दर वेळी गोल केला की आधी खुर्च्यांकडे पाहायचो. मध्यंतरापर्यंत मधल्या खुर्चीवर एक कुत्रं येऊन बसलं आणि त्याने उरलेला सामना अतिशय लक्ष देऊन पाहिला.

आम्ही जिंकलो. साहेब कुठायत, असं कुणीतरी विचारलं.

"टर्फवर," आमचे कोच म्हणाले. "ए संघाचा सराव सामना होता ना आज."

कुणी रागावलं नाही. दूध घालणाऱ्या पोराने टेबलावरची पाण्याची एक बाटली उघडली आणि सगळ्यांना घोट घोट दिलं. पुढच्या मोसमात वर तीन जागा रिकाम्या झाल्या. तिथे टर्फवर वाढलेली हॉस्टेलची तीन पोरं आली. आमच्यातलं एकही वर गेलं नाही.

बाबांच्या कंपनीत व्हिसाची कामं करणारा एक माणूस होता, सरकारी कचेऱ्यांत त्याचा वशिला होता म्हणे. बाबा त्याच्याकडे तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा तो "इन्शाल्ला" म्हणाला. दुसऱ्यांदा "बघतो". तिसऱ्यांदा त्याने माझी जन्मतारीख पाहिली, पासपोर्टची झेरॉक्स मिटून बाबांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "खलास, हबीबी."

मी पुण्यात बी. कॉम.ला नाव घातलं. पहिलं वर्ष संपल्यावर मे महिन्यात दुबईला गेलो, बाबांनी काढून दिलेल्या पाहुण्यांच्या व्हिसावर. घरी पोचलो तर माझ्या पलंगावर बहिणीची पुस्तकं. "सॉरी दादा, आय थॉट यू वोन्ट माइंड," म्हणत ती भराभर उचलायला लागली. न्हाणीघरात आईने नवा टॉवेल ठेवला होता. जेवताना सुरमईचे मधले दोन्ही तुकडे माझ्या ताटात. मी एक बाबांच्या ताटात टाकायला गेलो तर आई म्हणाली, "राहू दे, तू घे. किती दिवस आहेस?" आणि मग एकदम आमटी गरम करायला उठली. आमटीची वाफ दिसत होती.

शुक्रवारी मी प्लॉटवर गेलो नाही. बाबांनीही विचारलं नाही. त्यांना एक दिवस सुट्टी मिळाली होती आणि मला घेऊन काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते जे करायचे तेच त्यांनी केलं. भारतातून आमच्याकडे कुणीही आलं, काका, आत्या, बाबांचे शाळेतले मित्र, तरी बाबा त्यांना गाडीत घालून फुजैराला न्यायचे, डोंगर आणि पलीकडचा समुद्र दाखवायला. त्या गाडीत मी लहानपणापासून मागे बसत आलो होतो. आईने पहाटे पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली, जशी ती प्रत्येक वेळी करायची. खाली उतरलो तर ती आपसूक मागच्या दाराकडे वळली.

"आई, तू बस पुढे."

"नको रे. तुला दिसायला पाहिजे ना."

शारजा मागे पडलं. उंट दिसल्यावर बाबांनी वेग कमी केला. मसाफीच्या बाजारापाशी त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, "इथले गालिचे बघण्यासारखे असतात." घाट सुरू झाला तसे म्हणाले, "मळमळत नाही ना?" आत्याला हेच विचारलं होतं. काकांनाही.

"नाही," मी म्हणालो.

शेवटच्या वळणानंतर डोंगर बाजूला झाले आणि खाली निळी पट्टी उघडली, तिच्यावर तेलासाठी थांबलेली जहाजं. बाबांनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून काचेतून बोट दाखवलं. "हा बघ. हा आपल्या दुबईचा समुद्र नव्हे बरं का. हा दुसऱ्या बाजूचा."

इथे पाहुण्यांनी काय म्हणायचं असतं, ते मला पाठ होतं.

"अरे वा," मी म्हणालो. "असं होय?"

बाबांनी मान डोलावली, आणि जहाजं एवढी का थांबतात ते सांगायला लागले.