सेकंदरावांचे आठ सेकंद

सभागृहात एकशे ब्याऐंशी माईक होते आणि त्यांची एकूण एक वायर एकाच माणसाच्या हातची होती. पगारपत्रकात त्याचा हुद्दा वायरमन, पण सगळे त्याला सेकंदराव म्हणत.

कामकाज सुरू व्हायच्या दोन तास आधी तो हजर असे. एकेका बाकापाशी जाऊन माईकच्या जाळीवर नखानं टक् करायचं आणि बाकाचा आकडा बोलायचा. वर काचेच्या खोलीत जोडीदार कानाला हेडफोन लावून बसलेला. "एकशे चाळीस." "आला." "एकशे एक्केचाळीस." "आला." माईकवर फुंकर मारणाऱ्याला तो अडाणी समजे, कारण तोंडाची वाफ आत जाते. वायरीला डाख देऊन केलेला सांधा नीट जुळला की चमकतो. मळकट दिसला की तो घाईत केलेला, आज चालेल आणि ऐन वेळी दगा देईल. असा सांधा दिसला की तो कापून पुन्हा करायचा, मग जोडीदार चहाला कितीही हाका मारो.

सभागृह भरलं की तो स्वतः काचेच्या खोलीत बसायचा, समोर बटणांची फळी. सदस्याला प्रश्न विचारायला एक मिनिट मिळे. नाव पुकारलं की हिरवा दिवा, दहा सेकंद उरले की पिवळा, मिनिट भरलं की लाल आणि माईक बंद. बंद करायचा तो बोटानं. एकदा विरोधी पक्षाचा एक बडा नेता तावातावानं बोलत होता. मिनिट भरलं, यानं बटण दाबलं. नेता नुसतेच ओठ हलवतोय आणि सगळं सभागृह हसतंय. त्या दिवसापासून तो सेकंदराव झाला. पुढच्या अधिवेशनात त्यानं सत्ताधाऱ्यांच्या मोठ्या माणसाचीही तीच गत केली, तेव्हा नाव पक्कं झालं. सव्वीस वर्षांत त्याच्या बोटानं कुणाचीच बाजू घेतली नव्हती.

मंत्र्यांना मात्र वेळेचं बंधन नव्हतं. उत्तर देणाऱ्याचा माईक बंद करायचा नाही, असा नियम. प्रश्न मिनिटाचा आणि उत्तर पाव तासाचं, असं त्यानं हजारदा ऐकलं होतं. त्याचं त्याला काही वाटत नसे. त्याच्या थोरल्या बहिणीला नोटीस येईपर्यंत.

बहीण इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. सरकारी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर तिचं दोन खोल्यांचं घर होतं, बारा वर्षांपूर्वी मिळालेलं. अर्जात 'कुटुंबप्रमुख' अशी एकच ओळ होती आणि त्या ओळीवर तिच्या नवऱ्याचं नाव. पाच वर्षांपूर्वी नवरा दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून बसला. यंदा त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं घरांच्या कचेरीला कळवून टाकलं, की मी आता तिथं राहत नाही, घर ताब्यात घ्या. कचेरीनं एरवी न दिसणारी तत्परता दाखवली. नोटिशीत लिहिलं होतं, 'मूळ रहिवासी सोडून गेल्याने सदर घर रिकामे आहे असे समजण्यात येते. महिनाअखेर ताबा द्यावा.'

बहिणीनं ती नोटीस त्याच घरात, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वाचली.

"घर रिकामं आहे म्हणे," ती भावाला म्हणाली. "मग मी कोण, भूत?"

"भावोजींना फोन करून बघू का?"

"त्याचं नाव काढलंस तर इथूनच खाली लोटीन. मला घर पाहिजे, तो नको."

मग हेलपाटे सुरू झाले. कचेरी म्हणाली, घटस्फोटाचा कागद आणा, नाव बदलून देतो. कौटुंबिक न्यायालय म्हणालं, तारीख आठ महिन्यांनी, आणि घर कुणाच्या नावावर हे आमचं काम नव्हे. समानता विभागातल्या बाईंनी तिला बसायला खुर्ची दिली, 'आपले हक्क' नावाची रंगीत पुस्तिका दिली आणि कचेरीत जायला सांगितलं. मग ती वसाहतीतून निवडून आलेल्या बाईंच्या दारात सात शनिवार रांगेत उभी राहिली. सातव्या शनिवारी बाई म्हणाल्या, "मी सभागृहात प्रश्न टाकते."

भाऊ सभागृहात काम करतो हे तिनं बाईंना सांगितलं नाही. त्यानंही तिकडे कुणाला सांगितलं नाही.

तिच्या स्वयंपाकघरात एक स्विचबोर्ड होता, चटका बसून काळा पडलेला. दिवा लावायचा तर ती लाकडी चमच्याच्या टोकानं बटण दाबायची. "एवढा मोठा वायरमन भाऊ आणि बहीण चमच्यानं दिवा लावते," असं ती आल्यागेल्याला ऐकवायची. त्याचं उत्तर ठरलेलं. "नाव लागू दे तुझं. मग सगळं उकरून एकदाच पक्कं करतो. दुसऱ्याच्या नावाच्या भिंतीत मी वायरीचा पाइप घालणार नाही." असं म्हणता म्हणता बारा वर्षं गेली होती.

प्रश्न आला तो यादीत नवव्या क्रमांकावर. तासाभरात सहा प्रश्न झाले तरी खूप, हे त्याला पाठ होतं. बहीण अर्ध्या दिवसाची रजा टाकून, ठेवणीतले कपडे घालून प्रेक्षकांच्या सज्जात बसली होती. पण त्या दिवशी तीन सदस्य जागेवरच नव्हते, त्यांचे प्रश्न गळाले, आणि तासाची अकरा मिनिटं शिल्लक असताना अध्यक्षांनी नववा क्रमांक पुकारला.

बाईंनी प्रश्न वाचला. नवरा सोडून गेल्यावर सरकारी घर बायकोच्या नावावर करणार का?

आधी कायदामंत्री उठले. विवाह ही किती पवित्र गोष्ट आहे हे त्यांनी तीन मिनिटं सांगितलं. शेवटी म्हणाले, "घराचं वाटप मात्र माझ्या खात्यात येत नाही."

घरांचे मंत्री उठले. त्यांनी बांधलेल्या घरांचे आकडे वाचले, बांधायच्या घरांचेही वाचले. "नाव कुणाचं द्यायचं हे कुटुंब ठरवतं. सरकार कुणाच्या घरात डोकावत नाही. हा समानतेचा विषय आहे."

समानतामंत्री बाई होत्या. त्या पुस्तिका घेऊनच उठल्या. "अर्जात कुटुंबप्रमुख असं लिहिलंय, पुरुष असं कुठंही लिहिलेलं नाही. म्हणजे भेदभाव नाही," असं म्हणून त्यांनी विजयी मुद्रेनं इकडंतिकडं पाहिलं. बाकं वाजली.

काचेआड सेकंदराव घड्याळ बघत होता. साडेनऊ मिनिटं तिघांनी खाल्ली होती. उरलं दीड.

शेवटच्या उपप्रश्नासाठी वसाहतीच्या बाई उभ्या राहिल्या. हिरवा दिवा लागला. बाई संतापलेल्या. तीन मंत्र्यांनी चेंडू कसा टोलवला याचं त्या वर्णन करू लागल्या. वर्णन झकास होतं, पण वेळ चालला होता. 'बाई, मुद्द्यावर या,' सेकंदराव मनात ओरडत होता. वीस. तीस. चाळीस. पिवळा लागला.

"तेव्हा अध्यक्षमहाराज, माझा एकच प्रश्न आहे. ही नोटीस..."

साठ. बोट बटणावर होतं. ते खाली गेलं नाही.

एक. दोन. जोडीदारानं मान वळवून पाहिलं. पाच. सहा.

"...महिनाअखेरच्या आत थांबवणार का? हो किंवा नाही, एवढंच सांगा!"

आठ. त्यानं बटण दाबलं.

घरांचे मंत्री सावकाश उठले, चष्मा पुसला. तास संपल्याची घंटा झाली तरी बोलत राहिले, कारण त्यांचा माईक बंद करायचा नसतो. तीन मिनिटं दहा सेकंद. त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. "या प्रकरणाचा सहानुभूतीनं विचार केला जाईल," एवढं म्हणून ते बसले.

त्या तीन मिनिटांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आठ सेकंदांबद्दल मात्र जेवणाच्या सुट्टीआधी लेखी तक्रार आली. साहेबांनी बोलावलं.

"सेकंदराव, तुम्ही? अहो, बटण अडकलं असं लिहून द्या, मी मिटवतो."

"बटण चांगलं आहे साहेब. मी बसवलंय."

"अहो, पण तुम्ही अडकाल."

"अडकू द्या." त्यानं कागदावर लिहिलं, 'बटण आठ सेकंद उशिरा दाबले. बटणात दोष नाही.' खाली सही केली.

फाटकाबाहेर बहीण थांबली होती.

"मी मोजले," ती म्हणाली. "बाईंचा दिवा पिवळा झाला तेव्हापासून मोजत होते. तुझ्यासारखीच सवय. आठ दिलेस ना?"

"आठ."

"आणि त्यानं तीन मिनिटं गुऱ्हाळ लावलं, तेव्हा तुझं बोट कुठं होतं?"

"मंत्र्याचा बंद करता येत नाही, ताई."

"येत नाही की करायचा नाही?"

बंद करता येत होता. ते बटणही त्यानंच बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं छापील उत्तर घेऊन घरांच्या कचेरीत गेले. कारकुनानं ते दोनदा वाचलं, मग रजिस्टर उलटंपालटं करून पाहिलं. "यात मंजूर असा रकाना आहे, नामंजूर असा आहे. सहानुभूतीचा रकाना नाही हो. वरून खुलासा मागवावा लागेल."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत नोटीस रद्दही नाही आणि लागूही नाही."

महिनाअखेर आली. बहीण कामावर गेली नाही, दार आतून लावून बसली. भाऊ रजा टाकून जिन्यात उभा राहिला. कुणीच आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. येणार नाही असंही कुणी लिहून दिलं नाही.

सभागृहात मात्र काम झपाट्यानं झालं. सेकंदरावची काचेच्या खोलीतून तळघरात बदली झाली आणि फळीला माईक आपोआप बंद करणारं घड्याळ लागलं. साठाव्या सेकंदाला माईक स्वतःच बंद होणार, बोटाची गरज नाही. वायरी टाकायचं काम त्यालाच दिलं. नकाशा हातात आल्यावर त्यानं पाहिलं, मंत्र्यांच्या बाकांना घड्याळाची वायरच नव्हती.

"हे राहिलं का?" त्यानं साहेबांना विचारलं.

"राहिलं नाही. तसंच आहे."

नऊ दिवस तो फरशीखाली पोटावर पडून होता. सदस्यांच्या बाकांचे सगळे सांधे केले. दोन मळकट दिसले, ते कापून पुन्हा केले. चिडून केलेलं काम चिडकं दिसता कामा नये, असं त्याचं मत होतं. पण दहाव्या दिवशी तो घरी गेला नाही. हत्यारांची पेटी घेऊन थेट वसाहतीत गेला, दुसऱ्या मजल्यावर. बहिणीनं दार उघडलं, तिच्या हातात लाकडी चमचा होता.

"काय रे, अवेळी?"

तो स्वयंपाकघरात शिरला. मुख्य बटण बंद केलं, टेस्टरनं खात्री केली आणि काळ्या बोर्डाचे स्क्रू सोडवले. आतल्या वायरींचं कातडं जळून कडक झालं होतं, बोट लागताच भुगा पडला.

"अगं, बारा वर्षं तू हे वापरलंस? मेली असतीस की."

"सांगत होते ना. तू म्हणायचास, नाव लागू दे."

"चूक झाली माझी." पेन्सिल काढून त्यानं भिंतीवर छतापासून खाली सरळ रेघ ओढली. "सगळं उकरतो. दोन्ही खोल्या. पाइप आतून."

"किती दिवस लागतील?"

"दोन रविवार. तिसरा गिलाव्याला."

ती रेघेकडे बघत राहिली. "आणि मधेच घर काढून घेतलं तर?"

"तर पुढच्या माणसाला वायरिंग चांगलं मिळेल."

"पुढच्या माणसाचं नाव काढू नकोस," ती म्हणाली. तिनं पेटीतून हातोडी काढून त्याच्या हातात दिली आणि स्वतः छिन्नी घेऊन स्टुलावर चढली. "कुठून फोडायचं, ते सांग."