पोशीरच्या राबावरून दादाचं ग्लायडर

"हिला नुसतं खरचटलं तरी त्या नळ्यांचा मी दोडक्यांचा मांडव करीन," आईने दादाला बजावलं, आणि मगच आम्हाला निघायची परवानगी मिळाली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दादा रसायनीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता, आम्ही मोहोपाड्याच्या कॉलनीत राहायचो. आदल्या वर्षी एका चपळ हँग ग्लायडरवरून, म्हणजे खाली लटकून उडायच्या कापडी पंखावरून, पडून त्याने पाय मोडून घेतला होता. धावत उड्डाण घेणं त्याला आता जमणार नव्हतं, म्हणून नवं ग्लायडर त्याने माझ्यासाठी रचलं. मला शिकाऊ ग्लायडर बऱ्यापैकी यायचं. त्याच्या पुढचं, उस्तादांच्या अलीकडचं, असं हे मधलं. ते कसं असतं याचं मला भारी कुतूहल.

दादाच्या मित्राची जीप मागून आणली, टपावर नळ्या आणि कापडाची गुंडाळी बांधली आणि चौक गावावरून कर्जत गाठलं. रस्ता खड्ड्यांचा. तुम्ही एप्रिलमध्ये जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा, नंतर ऊन नुसतं खायला उठतं. कर्जत स्टेशनबाहेर गरम बटाटेवडे खाल्ले, तेव्हा सुट्या पैशांत पोट भरायचं.

"तंबू कुटं लावनार ह्यो?" वडेवाल्याने विचारलं.

"आकाशात," दादा म्हणाला. वडेवाल्याने एक वडा जास्त घातला, बहुतेक दयेने.

नेरळवरून पोशीर. गावामागच्या टेकडीवर जोडणी सुरू झाली आणि मी प्रश्नांचा भडिमार केला. शिकाऊ पंखाला एकेरी कापड. संथ, समजूतदार, पण लांब जायचं नाव नाही. दादाला पाडणाऱ्या पंखाला वरखाली दुहेरी कापड, तबल्यासारखं ताणलेलं. या नव्याला मात्र खालचं कापड अर्ध्यापर्यंतच.

"अरे, अर्धवट का सोडलंस?"

"अर्धवट नाही गं, बेताचं. वेगही हवा आणि सांभाळूनही घ्यायला हवं."

मी कापड दाबून पाहिलं. "ढिलं आहे. ताण की जरा, लांब जाईल."

"लांब जाईल, पण वळताना हट्ट करेल. तुला लांब जायचंय की घरी?"

मला रागच आला. वर्षभर कागदावर रेघा मारून केलं काय, तर ढिलं कापड! तोंड फुगवूनच मी पट्टे बांधले.

धावले आणि पाय सुटले. आई गं, काय वाटलं म्हणून सांगू! समोर माथेरानचा डोंगर, खाली भाताची रिकामी खाचरं. दूरवर राबांचे धूर दिसत होते. रोपं टाकायच्या वाफ्यात शेण, पालापाचोळा पसरून इथे भाजतात, तो राब. धूर बघून वारा कळत होता. उतरायची वेळ आली तेव्हा धसकटांच्या मधोमध एक काळपट, गुळगुळीत चौकोन दिसला. म्हटलं, वा, हा तर आपल्यासाठीच सारवून ठेवलाय!

"अगं बाय, तितं नको!" बांधावरून एक बाई हातातली काठी नाचवत ओरडली. "राब हाय त्यो! आत इस्तव हाय!"

वर माती टाकलेली, धूर नावालाच, आत निखारे. मी झाडाएवढ्या उंचीवर. सगळं अंग डावीकडे झोकलं. कापड ताणलेलं असतं तर पंख हट्टाने सरळ राबातच गेला असता. हा वळला. आणि मी अंग पुन्हा मधे आणताच आपला आपण सावरला. पलीकडच्या खाचरात मी धडपडत उभी राहिले.

"आमाला वाटलं, कुनाचं पावसाचं इरलंच उडालं! लागलं नाय ना गं?" त्या बाईंनी, चंद्राबाईंनी, तांब्याभर पाणी पाजलं.

दादा लंगडत आला. चेहरा पांढराफटक. "ताणू का जरा?" त्याने विचारलं.

"हात लावू नकोस," मी म्हणाले.

पुढे मी बरीच उड्डाणं केली. पण ग्लायडर म्हटलं की मला उंची आठवत नाही, ते वळण आठवतं. आणि संध्याकाळचं आमचं दार.

आईने माझी कोपरं, गुडघे उलटेपालटे करून पाहिले. घोट्यावर तिची नजर थांबली. "हे काय?"

"धसकटं लागली. पंख उचलून आणताना."

दादाने नळ्यांकडे पाहिलं. आईने हळद लावली, हात पुसले आणि आत जाता जाता म्हणाली, "मांडवाला उद्या बांबूच आण रे."