सुकटीची पुरचुंडी

सुमे, मला घेऊन सुरगाण्याहून एसटी सुटली तेव्हा आपल्या आईने खिडकीतून सुकटीची पुरचुंडी माझ्या मांडीवर टाकली, आठवतं? "पोटाशी खोटं बोलू नको, पोरी," एवढंच म्हणाली. तू रडून नाक लाल केलं होतंस. मी नवी नवरी, ऐटीत होते. साल चौऱ्याण्णव असेल.

यांची नोकरी शहरात, अंबडच्या कारखान्यात. पत्र्याच्या चार खोल्यांतली एक आमची. पहिल्याच दिवशी सुकट भाजली, तर घरमालकीण दारात. "असला वास आमच्याकडं चालत नाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी सुकट गटारात टाकली. डाळ-भाजी होती तेवढी यांच्या डब्यात जायची. "तू जेवलीस?" यांनी विचारलं की मी "जेवले" म्हणायचे. आपल्याकडेही बायका शेवटीच जेवतात, पण तळाला उडदाचं वरण, खुरासणीची चटणी काहीतरी उरतंच. इथे ज्वारीची भाकरी आणि मिरची. वर्षभर.

उन्हाळ्यात हात काळे पडले, सालपटं निघू लागली. गळ्याभोवती पट्टा उमटला. जिभेची आग व्हायची, पोट सारखं बिघडायचं, स्टोव्हवर दूध ठेवलेलं विसरायचे, उगाच रडायचे. घरमालकीण म्हणाली, "महारोग हाय. महिन्याभरात खोली रिकामी करा." त्या दिवसापासून यांनी आपलं ताट माझ्या भांड्यांपासून वेगळं ठेवलं. सुमे, ते मला फार लागलं. आता माहेरी पाठवतील, असंच वाटत होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवता काय?"

"डाळ, भाजी, मासे, समदं," मी ठोकून दिलं. नवऱ्याची अब्रू राखायची ना. त्यांनी मलम दिलं. पंधरा दिवसांत हात आणखी बिघडले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी तेच विचारलं. हे शेजारीच उभे होते. मला आई आठवली.

"भाकर नि मिरची," मी म्हणाले. "वरीसभर."

यांनी मान खाली घातली.

"हा महारोग नाही, पेलाग्रा आहे," बाई म्हणाल्या. नायसिन नावाचं जीवनसत्त्व अंगाला कमी पडलं होतं. नुसत्या ज्वारीवर भागत नाही, जोडीला डाळ, शेंगदाणे, अंडी, मासळी हवी. त्यांनी गोळ्या दिल्या. चार-सहा दिवसांत जिभेची आग थांबली, हात निवळायला मात्र महिना गेला.

दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी हे पंचवटीच्या बाजारातून सुकट घेऊन आले. स्वतः स्टोव्ह पेटवला, दार सताड उघडं ठेवलं. घरमालकीण आली तर म्हणाले, "खोली सोडतो, पण आज हिला जेवू द्या." मग दोघांसाठी एकच ताट वाढलं.

आता आमचं स्वतःचं घर आहे. पुढच्या महिन्यात तुझी लेक नर्सिंगला इथे आमच्याकडे येतेय. गाव सुटलं म्हणून जीव तुटतो अजून, पण घर म्हणजे मला आता एवढंच वाटतं, काय जेवलीस याचं खरं उत्तर देता येतं ती जागा. तिला मी रोज विचारेन. येताना तिच्याजवळ सुकट दे. एसटीत वास सुटेल, सुटू दे.