चाकामागची उटी

नॅननं आमचं दार कधी वाजवलं नाही. तिच्या आणि आमच्या घराच्या मध्ये पत्र्याचं कुंपण होतं. व्हॅनच्या चाव्यांचा जुडगा ती त्या पत्र्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत खर्रर्र ओढत न्यायची आणि मग पलीकडून हाक यायची, “अप यू गेट!” ऊठ. उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे इथल्या डिसेंबर-जानेवारीत, सकाळी सातला ती खर्रर्र ऐकू आली की समजायचं, आज समुद्र, नाहीतर नदी, नाहीतर कुठल्यातरी डोंगराखालचा डोह. नक्की कुठे ते व्हॅनमध्ये बसल्यावर कळायचं. कधीकधी नॅनलाही तेव्हाच.

नॅन म्हणजे आजी. तिची सहा नातवंडं तिला तसं म्हणायची, त्यांचं ऐकून माझी मुलगी जुई म्हणायला लागली आणि जुईचं ऐकून मी. सत्तरीची, उंच, ढांगा टाकत चालणारी बाई. खुर्चीत बसली तरी काठावर बसायची, कोणी हाक मारली तर उठायला बरं म्हणून. समुद्रावर पोचलं की मुलांना ओळीत उभं करून सनस्क्रीन थापायची, भिंतीला चुना लावावा तसं. मग डोकी मोजायची, आणि सगळ्यात शेवटी माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणायची, “आणि ही आठवी.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना स्वस्थ बसवत नाही. मलाही बसवत नाही, पण आमच्या दोघींत फरक होता. तिची बेचैनी चालती होती, माझी बसून. इथे, क्वेकर्स हिल या उपनगरात, नवीन आलो तेव्हा मला गॅसची भीती, सापाची भीती, पोस्टातून येणाऱ्या प्रत्येक लिफाफ्याची भीती. आमचे हे वेल्डर, त्यांच्या कामावर आमचा व्हिसा. मला वाटायचं, माझ्या हातून एवढंसं काही चुकलं तर तिघांनाही परत पाठवतील. म्हणून मी तिघांचे पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सगळीकडे न्यायची. समुद्रावरसुद्धा. नॅनच्या ते लक्षात आलं. तिनं पिशवीकडे पाहिलं, मग लाटांकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, “मासे तपासतात का, लव्ह?”

तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे. तेव्हाही मी ते मनात मराठीतूनच ऐकत होते, त्यामुळे अर्ध्या वाक्याने मागे असायची.

वृद्धाश्रमातल्या लाँड्रीत मला काम मिळालं ते नॅनमुळे. फॉर्म तिच्याच स्वयंपाकघरात भरला. ‘शिक्षण कितवीपर्यंत’ या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. मी आठवीत शाळा सोडली. हे इथे नवऱ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. नॅन माझ्या डोक्यावरून वाचत होती. तिनं पेन घेतलं आणि त्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘सोमवारपासून येऊ शकते.’ का सोडली, तिनं विचारलं नाही. तिला केटलकडे जायची घाई झाली होती.

विचारलं असतं तर मी खोटं सांगितलं असतं. एक खोटं माझ्याकडे तयार होतं. ब्लॅकटाउनच्या मराठी बायकांत कोणी इंजिनिअर, कोणी बँकेत. माहेरी वडील काय करायचे, असं पहिल्याच हळदीकुंकवाला विचारलं गेलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “साताऱ्याला ट्रान्सपोर्टचा व्यवसाय होता.” तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण जुई ते ऐकत होती. तिनं शाळेत आजोबांवर पोस्टर केलं, एका ओळीत सहा ट्रक काढले, वर इंग्रजीत लिहिलं, ‘माझ्या आजोबांची ट्रान्सपोर्ट कंपनी.’ बाईंनी सोनेरी चांदणी चिकटवली. ते पोस्टर आमच्या फ्रिजवर होतं. दूध काढायला गेलं की रोज सहा ट्रक माझ्याकडे बघायचे.

माझे वडील हातगाडी ओढायचे. दोन चाकांची, हमालाची. मार्केट यार्डातून वरच्या पेठांकडे गुळाच्या ढेपा, तेलाचे डबे.

आणि एका सकाळी कुंपणावर खर्रर्र झालं आणि नॅन म्हणाली, “लव्ह, तू हातगाडी छान ओढशील. येणार का?”

माझ्या हातातला कपड्यांचा चिमटा खाली पडला. हिला कोणी सांगितलं? संध्याकाळी मी ह्यांना धारेवर धरलं. ते शपथेवर म्हणाले, मी कशाला सांगू, मला काय खाज आली आहे? रात्रभर विचार करून मी असा अर्थ लावला की कुठेतरी ओझी वाहायचं काम आहे आणि नॅनला वाटतंय, ही बिनशिकलेली बाई, हिला बरं पडेल. सकाळी तिच्या दारात जाऊन मी मान खाली घालून विचारलं, किती तासांची शिफ्ट आहे?

नॅन दाराच्या चौकटीला धरून हसली. मग माझा चेहरा पाहून थांबली. तिच्या चर्चची माणसं दर काही वर्षांनी एक यात्रा काढतात, असं तिनं समजावलं. फार पूर्वी अमेरिकेत त्यांच्या पंथाची गरीब माणसं, ज्यांना बैल घेणं परवडत नव्हतं ती, हातगाडीवर संसार घालून शेकडो मैल चालत गेली. वाटेत कित्येक मेली. त्यांची आठवण म्हणून बाथर्स्टच्या पलीकडे एका माळावर तीन दिवस जुने कपडे घालून गाड्या ओढायच्या. मी विचारलं, तुझे पूर्वज त्यात होते? नाही म्हणाली. तिचे इंग्लंडहून बोटीनं आले, आणि वाटेत त्यांनी ओकण्याखेरीज काही केलं नाही.

“मग मीच का?” मी विचारलं.

“शॉपिंगची ट्रॉली पायरी आली की तू उलटी फिरवून ओढतेस. बाकी सगळे ढकलतात आणि अडकतात.”

बघा. लोकांचं जिथे लक्ष नसतं तिथे हिचं.

मी हो म्हटलं, पण एका अटीवर. मी स्वयंपाकाकडे राहणार, गाडीला हात लावणार नाही. मला खरं तर ते समजतच नव्हतं. जी गोष्ट मी ट्रकांच्या चित्राखाली लपवली होती, तीच ही माणसं सुट्टी काढून, फोटो काढत, अभिमानानं करणार होती.

वणव्याच्या भीतीने त्या आठवड्यात चूल पेटवायला पूर्ण बंदी आली आणि माझे धपाटे कामाला आले. शंभरभर करून नेले होते. ती माणसं दाण्याच्या चटणीला पीनट बटर म्हणत होती, मी दुरुस्त केलं नाही. बायका-मुलींनी लांब झगे घातले होते आणि डोक्यावर हनुवटीखाली बांधायच्या टोप्या, आपल्याकडे तान्ह्या बाळाला टोपडं घालतात तशा. जुईनंही घातलं. बारा वर्षांची माझी मुलगी टोपडं घालून नॅनच्या गाडीच्या दांडीला धरून चालली होती. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन मागून. गाड्या सरळ रेषेत चढ चढताना दिसल्या की माझे हात शिवशिवायचे. पदराला, म्हणजे ओढणीला, पुसत चालायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा चढ आला. तिथे त्यांची एक रीत आहे. पुरुष बाजूला होतात, टोप्या काढून वाटेच्या दोन्ही कडांना गप्प उभे राहतात आणि गाड्या फक्त बायका वर नेतात. तिकडे वाटेत पुरुष मेले, त्या घरच्या बायकांनी अशा नेल्या म्हणून.

नॅनच्या गाडीला नॅन, तिची सून, दोन नाती आणि जुई. पहिल्या दोन गाड्या वर गेल्या. हिची अर्ध्या चढावर थांबली. सामान मागे सरकलं होतं, पुढची दांडी वर उचलली जात होती. आणि तेव्हा मला दिसलं की नॅन ओढत नाही, दांडीला लटकली आहे. तिचा उजवा पाय नुसता फरपटत होता. नेहमीच्या ढांगांत तिनं तो किती महिने लपवला होता कोण जाणे. तिचा मुलगा कडेला टोपी हातात घेऊन उभा, रडवेला, पण रीत म्हणून हलेना. गाडी एक वीत मागे घसरली. मागून ढकलायला जुई होती.

मी बाटल्या टाकल्या. आधी एक दगड उचलून चाकामागे सारला. गाडी त्याला टेकली आणि थांबली. मग गाडीवर चढून पाण्याचं पिंप पुढे ओढून घेतलं, तशी दांडी खाली आली. नॅनला म्हटलं, तू बाजूला हो. तिला तसं कोणी म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. ती बाजूला झाली. दांडी मी छातीशी घेतली आणि मुलींना सांगितलं, सरळ नाही, नागमोडी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. जुईला म्हटलं, “तू मागे राहा. मी थांब म्हटलं की दगड चाकामागे. बोट आत घालायचं नाही.” दहा पावलं, थांब, दगड. दहा पावलं, थांब, दगड. अशा आम्ही वर गेलो.

वर पोचल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तशी तिथे रीत नाही. नॅनला तिच्या सुनेनं आणि मुलानं धरून वर आणलं. ती धापा टाकत त्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाली, “हे कोणी शिकवलं तुला?”

जुई माझ्याकडे बघत होती, टोपडं मागे पडलेलं, दोन्ही हात मातीचे. आता तोंडात येईल ते खोटंही चाललं असतं. यूट्यूबवर पाहिलं म्हटलं असतं. पण मी थकले होते, आणि वीस-बावीस माणसं हातगाडीला हात लावून अशी उभी होती की जणू देवळात.

“माझ्या वडिलांनी,” मी म्हटलं. “ते हातगाडी ओढायचे. त्यांचा खांदा गेला तेव्हा मी आठवीत होते. चढावर ते दम घ्यायला थांबले की मागे दगड लावायला कोणीतरी लागायचं. त्याला उटी म्हणतात. मी शाळा सोडली ती उटी लावायला.”

नॅननं आयुष्यात पहिल्यांदा बसायची जागा शोधली आणि ती बसली.

जुई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी प्रत्येक थांब्याला तिचा चेहरा न्याहाळत होते. जेवताना मुलींच्या घोळक्यात बसली, माझ्या हातचा धपाटा तिनं दुसऱ्या कोणाकडून घेतला. मला वाटलं, गेली ही हातातून. संध्याकाळी ती माझ्या शेजारी येऊन नखातली माती काढत बसली आणि नेहमीप्रमाणे इंग्रजीत म्हणाली, “सो, कंपनीत किती जण होते?”

“दोन,” मी म्हटलं. “आबा पुढे, मी मागे.”

तिनं शेवटचं नख साफ केलं. मग मराठीत म्हणाली, “पोस्टर चुकलंय. मी परत काढते.”

आता फ्रिजवर एकच गाडी आहे. चाकांचे आरे मोजून काढले आहेत. चांदणी नाही.

नॅनचा पाय त्यानंतर सुधारला नाही. पुढच्या उन्हाळ्यात व्हॅन तिची सून चालवू लागली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नॅन चाकाच्या खुर्चीत होती. तिच्या दारात मुलानं लाकडी उतार बांधून घेतला. खुर्चीला ब्रेक होते, पण नॅनचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. आमच्या ह्यांनी तिला रेल्वेच्या जुन्या लाकडाची पाचर कापून दिली. शिफ्टवरून आल्यावर मी तिला उतारावरून वर ढकलायची, अर्ध्यावर ती हात वर करायची. “ऊडी, लव्ह.” टकार तिच्या तोंडात कधी बसलाच नाही. मी पाचर चाकामागे लावायची आणि आम्ही दोघी थोडा वेळ रस्त्याकडे बघत थांबायचो. तिथे चढाचा दम लागण्यासारखं काही नव्हतं, चार हातांचा उतार. पण अर्ध्यावर थांबायचंच. एकदा म्हणाली, “मला वाटायचं, थांबलं की मागे घसरतो माणूस.” मग लगेच, “चल, अप यू गेट.” उठता तिलाच येत नव्हतं, तरी.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. मुलानं व्हॅन विकली, घराला कुलूप लागलं. चाव्यांनी कुंपणावर पडलेले ओरखडे पत्र्याच्या त्या बाजूला आहेत, माझ्या बाजूने दिसत नाहीत. तरी मी कपडे वाळत घालताना त्या जागी बघते.

या जानेवारीत जुईला लर्नर लायसन्स मिळालं. शनिवारी सकाळी मी गॅस दोनदा पाहिला, खिडक्या पाहिल्या, परत गॅस पाहिला, आणि बाहेरून खर्रर्र आवाज आला. जुई आमच्या गाडीच्या चाव्या कुंपणावरून ओढत होती.

“आई, अप यू गेट.”

गाडी मागे घेताना नॅनचं अंगण दिसलं. लाकडी उतार अजून आहे. अर्ध्यावर पाचर आहे, जिथे लावायची तिथेच. आणून ठेवू का, असं ह्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

जुई चालवत होती, हे तिच्या शेजारी मुठी आवळून. मी मागे, माझ्या जुन्या जागी. पासपोर्ट घरीच राहिले हे मला पेनरिथ ओलांडल्यावर आठवलं. पुढे डोंगराचा चढ लागत होता. मी गाडी परत फिरवायला सांगितली नाही.