सेमीकोलन आणि माझ्या चपला

साताऱ्यातल्या इंग्रजीच्या एका सरांनी मला फसवलं. मी सांगलीचा हळदीचा व्यापारी. भल्याभल्यांना भावावरून खाली आणतो, आणि या माणसाने माझ्या तोंडचा माल माझ्या डोळ्यांदेखत उचलला.

परराज्यातली गिऱ्हाइकं इंग्रजीत मेल मागू लागली. मी लिहायचो ते एका दमात, कुठे थांबणं नाही. मुलगी साताऱ्याला कॉलेजात. तिला भेटायला गेलो की तिच्याच कॉलेजातल्या या सरांकडे शिकायला बसायचो. ते नियम सांगायचे आणि मला घाम फुटायचा. एकदा वैतागलो.

"सर, आमच्या सौद्यातलं बोला. मी बसून चहा पितोय, बोलणं चालू हाय, तो कॉमा. चपला घालून रस्त्याला लागलो, तो फुलस्टॉप. आन् उठलो, पण चपला घातल्या न्हाईत, मागनं हाक येईल म्हणून रेंगाळतोय, तो सेमीकोलन. व्हय का न्हाई?"

सर पोट धरून हसले. "शेठ, हा बाजार झाला. यात व्याकरण कुठाय?"

"आन् कोलन म्हंजे पोत्याचं तोंड सोडलं. आता माल दिसणार."

"पुरे, शेठ. वही काढा."

पण त्या दिवसापासून माझी विरामचिन्हं चुकेनाशी झाली. सरांना न दाखवता मेल जाऊ लागले.

परवा मुलीने एक व्हिडिओ पाठवला. टेबलावर कोल्हापुरी चपलांचा जोड, मागे सर. सेमीकोलन शिकवत होते. पोरं टाळ्या वाजवत होती. शेवटी सर म्हणाले, "ही माझी स्वतःची पद्धत."

मी मुलीला फोन लावला. "अगं, हे माझं हाय."

ती हसली. "पप्पा, तुम्ही त्यांच्याकडेच शिकलात ना? त्यांचंच तुमच्या डोक्यात बसलं असेल."

दुसरं कुणी म्हणालं असतं तर त्याला तिथंच गप्प केलं असतं. पण ती माझी लेक. तिलाही खरं वाटेना.

मग सरांना फोनवर गाठलं. "शेठ, असली उदाहरणं कुणाच्या मालकीची नसतात," ते म्हणाले.

"मग स्वतःची कशी म्हणालात?"

फोन कट.

मला त्यांच्याकडून दुसरं काही नको. सरांनी त्याच टेबलामागे उभं राहावं, माझ्या मुलीला पुढच्या बाकावर बसवावं आणि सांगावं, सेमीकोलनपाशी त्या चपला पहिल्यांदा कुणी काढून ठेवल्या होत्या?