सुनेची धरलेली मान

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आले, आणि तेव्हापासून अख्ख्या कडाव गावाची उसण माझ्या गळ्यात पडली. कुणाची कंबर धरली, मान अवघडली, की आले माझ्या दारात. मी पाठीला पाय लावायचा, त्यांनी बरं वाटलं म्हणायचं.

गेल्या वर्षी शेजारीण सुनेला घेऊन आली. मान धरलीय, पाय लावा म्हणाली. या बाईचा मला पहिल्यापासून भरवसा नाही. गोड बोलते म्हणजे काहीतरी झाकतेय. सुनेच्या अंगात सणसणून ताप, उजेड नको म्हणून डोळ्यांवर ओढणी, अंगणातच उलटी. काय होतंय विचारलं तर भलतंच बरळायला लागली. माझ्या मनात पाल चुकचुकली: हिनं पोरीला मारलंय, डोक्यात. पाय लावायला मी साफ नकार दिला आणि दोघींना रिक्षात कोंबून कर्जतला दवाखान्यात नेलं. आज हिला पोलिसांसमोरच उभी करायची, असं ठरवूनच निघाले होते.

डॉक्टरनं नीट तपासलं. कुठे वळ नाही, खोक नाही. हनुवटी छातीला टेकवायला गेला तर पोर कळवळली. मान फळीसारखी ताठ. मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग झालाय म्हणाला. शिरेतून औषध लगेच सुरू केलं, पण नेमका कुठला जंतू ते कळायला मणक्यातून पाणी काढावं लागेल, सही करा म्हणाला.

आता मला डॉक्टरचाच संशय आला. मणक्यातलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी शेजारणीच्या कानाशी लागले, अजिबात सही करू नको. पोरीचा नवरा खोपोलीला कंपनीत, फोन उचलेना. शेजारीण बराच वेळ सुनेच्या पायांकडे बघत राहिली. मग डॉक्टरला म्हणाली, "काढा. लुळी पडली तर मी उचलीन तिला."

सून वाचली. हिंडतेफिरते. तरी माझा संशय जाईना. मारलं नाही, तर इतका ताप अंगावर का काढू दिला? पोर घरी आल्यावर तिला गाठलंच. सासू आत चहा करत होती. डाव्या कानाशी तोंड नेऊन हळूच विचारलं, खरं सांग, सासू मारते का तुला?

"काकी, त्या कानानं ऐकू येत नाय आता. आजारात गेला," ती मोठ्यानं म्हणाली. "आईला सांगा. ती सांगंल मला."

शेजारीण कप घेऊन बाहेर आली आणि सुनेच्या उजव्या अंगाला बसली.

"बोला," म्हणाली. "काय विचारायचंय तिला?"